‘खांदेरी’ १:६९ : पाण्याखाली जाणाऱ्या प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

चार दिवसांपूर्वी, म्हणजे १५ जानेवारीला, ‘वाघशीर’ मुंबईत नौदलात दाखल झाली आणि माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहाही पाणबुड्या पूर्ण झाल्या. या वर्गाची रेडिओने चालणारी आणि खरोखर बुडी मारणारी प्रतिकृती करायचे बरीच वर्षे मनात होते, त्याला आज सुरुवात केली. सहांपैकी ‘खांदेरी’ निवडण्याचे कारण एवढेच, की अलिबागच्या बाजूने त्या नावाचा जलदुर्ग लहानपणापासून पाहत आलो आहे.

जाहीर मापांप्रमाणे खरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब असून तिच्या धडाचा व्यास ६.२ मीटर आणि एकूण उंची १२.३ मीटर आहे. प्रतिकृती करणारे बहुतेक जण १:७२ हे प्रमाण धरतात. त्या प्रमाणाने व्यास ८६ मिलिमीटर येतो आणि त्या मापाचा पाइप बाजारात मिळत नाही. शेतीसाठी वापरतात तो ९० मिलिमीटर बाह्यव्यासाचा पीव्हीसी पाइप मात्र कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, म्हणून आधी पाइप ठरवला आणि मग प्रमाण काढले. ते १:६९ आले आणि लांबी ९८ सेंटिमीटर झाली. प्रमाणाच्या शुद्धतेचा आग्रह असणाऱ्यांनी येथेच वाचन थांबवावे.

बाहेरचा पाइप पाण्याने भरू द्यायचा आणि मोटारी, बॅटरी, रेडिओ हे सर्व आतल्या ७५ मिलिमीटरच्या बंद ॲक्रिलिक नळीत ठेवायचे, अशी रचना ठरवली आहे. पाइपला ४१० रुपये आणि ॲक्रिलिकच्या एक मीटर नळीला १,१५० रुपये पडले.

२६ जानेवारी

नाक आणि शेपटी यांसाठी लाकडाचे साचे कातून घेतले. दोन्हींचे मिळून ९०० रुपये झाले आणि काम उत्तम झाले होते. ते मी बिघडवले. लाकडावर रंध्रे बुजवणारा सीलर न लावता नुसते मेणाचे पॉलिश चोळले आणि त्यावर फायबरचे मॅट व रेझिन चढवले. रेझिन लाकडाच्या रंध्रांत शिरले. संध्याकाळी कवच निघेना, म्हणून छिन्नी घेतली आणि कवच व साचा दोन्ही गमावले. साच्यावर सीलरचे किमान तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर घासावा आणि मगच मेण लावावे.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या साच्यावरचे कवच चार दिवस झाले तरी चिकटच आहे. रेझिन घट्ट करणारा हार्डनर अंदाजाने घातला होता आणि रात्री गारवा होता, त्यामुळे तो कमी पडला. आता वजनकाट्यावर मोजून घालतो. ज्यांना कोबाल्ट प्रवेगक वेगळा मिळतो त्यांनी तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि मगच हार्डनर घालावा. हे दोन्ही द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो.

पंधरा वर्षांपूर्वी मी फायबरची कामे बरीच केली होती, त्यामुळे हे प्रमाण हाताला आठवेल असे गृहीत धरले होते. हाताची सवय मात्र मोडली होती. योगायोगाने आजचीच तारीख ‘शाल्की’ची आहे. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली आणि तिच्यामागून १९९४ साली ‘शंकुल’ आली. दोन्ही माझगाव गोदीतच बांधल्या गेल्या. त्यानंतर देशात बांधलेली पुढची डिझेल-विद्युत पाणबुडी, म्हणजे ‘कलवरी’, दाखल व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तेवीस वर्षांच्या खंडानंतर शिकलेली माणसे आणि बसलेली घडी पुन्हा जमवणे काय असते, याची अगदी बारीकशी कल्पना मला या चिकट कवचाने दिली.

२३ फेब्रुवारी

नाक, धड आणि शेपटी जोडली. ‘कलवरी’च्या दाब सहन करणाऱ्या धडाचे पाच वेगळे भाग होते आणि ते २०१४ साली एकत्र जोडले गेले. माझे भाग तीनच होते, तरीही शेपटी दोन मिलिमीटर तिरकी बसली. मी पाइप जमिनीवर ठेवून डोळ्यांनी रेषा धरली होती आणि जमीनच सपाट नव्हती. जोड करवतीने कापला, दोन सरळ ॲल्युमिनियम पट्ट्यांच्या खाचेत तिन्ही भाग ठेवले आणि एपॉक्सीने पुन्हा जोडले. यात एक रविवार गेला.

२ मार्च

आतल्या नळीच्या दोन्ही टोकांसाठी नायलॉनची झाकणे लेथवर करून घेतली आणि प्रत्येकावर ३ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारे रबरी कडे, बसवली. बादलीत बुडवताच दोन्ही टोकांतून बुडबुडे आले. कारागिराने मी दिलेल्या मापाप्रमाणेच काम केले होते. चूक मापातच होती. तीन मिलिमीटरच्या रिंगेला मी तीन मिलिमीटर खोल खाच सांगितली होती, त्यामुळे रिंग खाचेत आरामात बसली आणि नळीवर दाबलीच गेली नाही. ओ-रिंग तिच्या जाडीच्या १५ ते २० टक्के चेपली गेली तरच पाणी अडते. नवी झाकणे २.५ मिलिमीटर खाचेची करून घेतली, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली आणि रात्रभर बुडवून ठेवली. आत ठेवलेला टिश्यू पेपर सकाळी कोरडा होता. चुकीमुळे दुसऱ्या झाकणांचे ४५० रुपये जादा गेले.

१५ मार्च

आज ज्या कामावर समाधान मानले, त्याच कामाने पुढचे तीन आठवडे खाल्ले. खालचा हिशेब मात्र मी नंतर बदललेला नाही, कारण नवे लोक नेमके येथेच अडखळतील.

हिशेब असा केला. खऱ्या पाणबुडीचे विस्थापन, म्हणजे ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन, पृष्ठभागावर सुमारे १,६१५ टन आणि पाण्याखाली सुमारे १,७७५ टन आहे. लांबीचे नेमके प्रमाण ६८.९ धरले तर वजनाचे प्रमाण ६८.९ चा घन, म्हणजे सुमारे ३ लाख २७ हजार येते. त्याने भागले की प्रतिकृतीचे वजन पाण्याखाली ५.४३ किलो आणि पृष्ठभागावर ४.९४ किलो निघते. दोहोंतला फरक ४९० ग्रॅम, म्हणून बॅलास्ट टाकीत, म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाकीत, ४९० मिलिलिटर पाणी मावले पाहिजे. एवढ्या पाण्यासाठी ६३ मिलिमीटर पाइपचा पिस्टन केला, त्याला आटे पाडलेली सळई आणि गिअर मोटार जोडली. पिस्टनचा प्रवास १८ सेंटिमीटर आणि मागे सळईलाही तेवढीच जागा, त्यामुळे ५६ सेंटिमीटरच्या नळीतली ४० सेंटिमीटर जागा एकट्या पिस्टनने घेतली. खर्च २,३०० रुपये झाला. बॅटरी कोठे ठेवायची, हा प्रश्न शिल्लक राहिला.

२३ मार्च

बॅटरीच्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. या वर्गाच्या पाणबुडीत ३६० बॅटरी सेल असतात आणि एकेका सेलचे वजन ७५० किलो असते. एकूण २७० टन होतात, म्हणजे पाणबुडीच्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा नुसत्या बॅटरीचा असतो आणि तो सगळा तळाशी असतो. चार डिझेल इंजिने हीच बॅटरी भरतात आणि पाण्याखाली असताना पाणबुडी हिच्यावरच चालते. माझ्या प्रमाणात ही बॅटरी ८२६ ग्रॅमची व्हायला हवी होती, पण तीन लिथियम सेल मिळून जेमतेम १४० ग्रॅम भरले. खऱ्या बोटीला बॅटरीकडून जे खालचे वजन आपोआप मिळते, ते मला शिशाने भरून काढावे लागणार. टायरच्या चाकांना लावतात ती जुनी शिशाची वजने २२० रुपये किलोने आणली. वितळवून पट्ट्या ओतल्या. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि मास्क घालूनच करावे आणि स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये.

६ एप्रिल

गच्चीवर विटा रचून त्यावर ताडपत्री टाकली आणि दीड मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर खोल हौद केला. वजन काट्यावर बरोबर ५.४३ किलो भरले होते. बोट पाण्यात ठेवली आणि ती दगडासारखी तळाशी गेली. टाकी रिकामी असूनही गेली.

अर्धा तास मी गळतीच शोधत होतो. नळी आतून कोरडी होती. मग उमगले, की ५.४३ किलो हे वजन आत शिरणाऱ्या पाण्यासकट धरायचे असते. माझा बाहेरचा पाइप पाण्याने भरतो, त्यामुळे बंद नळी आणि घन भाग मिळून जेवढे पाणी बाजूला सारतात, तेवढेच कोरड्या बोटीचे वजन असले पाहिजे. एकेक पट्टी काढत गेलो आणि वजन ३.४६ किलोवर आले, तेव्हा बोट जेमतेम तरंगली. जवळजवळ दोन किलो शिसे परत डब्यात गेले.

बॅलास्टचा हिशेबही त्याच कारणाने कोसळला. पृष्ठभागावर आल्यावर पाण्याबाहेर डोकावणाऱ्या भागाचा आकार ४९० मिलिलिटरचा असतो हे खरे, पण त्यातले पाणी गळून गेल्यावर उरतो तो नुसता कवचाचा आणि मनोऱ्याचा (पाठीवरच्या उभ्या भागाचा) प्लास्टिकचा ऐवज. तो मोजला तर ८५ मिलिलिटर भरला. म्हणजे ६० मिलिलिटरच्या इंजेक्शनच्या दोन सिरिंजा पुरेशा होत्या. त्या दोन्ही मिळून ९० रुपयांना येतात. पिस्टन काढून कपाटावर ठेवला आहे.

१३ एप्रिल

सिरिंजा बसवल्या. बुडी नीट होते, पण वर येताना बोट कुशीवर कलंडते आणि पाच-सहा सेकंदांनी सावकाश सरळ होते. आधी शिसे कमी पडते असे वाटून १५० ग्रॅम वाढवले. त्याने काहीच फरक पडला नाही, उलट ते तोलण्यासाठी फोम वाढवावा लागला. दोष मनोऱ्यात होता. मनोऱ्यात सुमारे २१० मिलिलिटर पाणी मावते आणि तळाला मी फक्त दोन मिलिमीटरची चार भोके ठेवली होती. बोट वर आली तरी ते पाणी मनोऱ्यातच अडकून राहत होते आणि बोटीच्या डोक्यावर पाव किलोचे ओझे बसल्यासारखे होत होते. भोके सहा मिलिमीटरची करून संख्या दहा केली, तेव्हा कलंडणे थांबले. खालची भोके पाणी जाण्यासाठी असतात, तशी वरच्या बाजूला हवा जाण्यासाठीही हवीत. नाकात अडकलेल्या एका बुडबुड्यामुळे बोटीचे तोंड सतत वर राहत होते आणि तो बुडबुडा शोधण्यात चाळीस मिनिटे गेली. आता पाठीवर चार मिलिमीटरची सहा भोके आहेत.

शेपटीकडचा पंखा अंदाजाने केला आहे. त्याचे स्पष्ट छायाचित्र मला कोठेच मिळाले नाही, आणि ते मिळू नये अशीच व्यवस्था असते, कारण पाणबुडीचा आवाज कितपत पसरतो हे पंख्याच्या आकारावर पुष्कळ अवलंबून असते. खऱ्या बोटीत गिअरविना, थेट दांड्यावर फिरणारी स्थायी चुंबकाची मोटार आहे. माझी गिअरवाली मोटार हौदाच्या विटांना कान लावला तरी ऐकू येते. ती तशीच ठेवली आहे.

२७ एप्रिल

रेडिओ. नेहमीचा २.४ गिगाहर्ट्झचा संच लावला होता, कारण तो घरात होता. अँटेना पाण्याखाली काही सेंटिमीटर जाताच संपर्क तुटला. एवढ्या उंच वारंवारतेच्या लहरी पाणी शोषून घेते, हे मी वाचलेले होते, तरीही करून पाहिल्याशिवाय मन मानेना. वारंवारता जितकी कमी, तितकी लहर पाण्यात खोल जाते. पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी तमिळनाडूत आयएनएस कट्टबोम्मन हे अतिशय कमी वारंवारतेचे प्रक्षेपण केंद्र आहे, ते याच कारणाने. मला २७ मेगाहर्ट्झ पुरे. या पट्ट्यात कमी शक्तीच्या संचाला आपल्याकडे परवाना लागत नाही. लॅमिंग्टन रोडला फिरून चार चॅनेलचा जुना संच ४,२०० रुपयांना मिळाला. गोड्या पाण्यात तो नीट चालतो. खाऱ्या पाण्यात हाही चालणार नाही, म्हणून समुद्रात किंवा खाडीत सोडण्याचा विचार कोणी करू नये.

संपर्क तुटल्यास सिरिंजा आपोआप रिकाम्या कराव्यात, असा प्रोग्राम आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डावर लिहिला. टेबलावर तो चालला.

४ मे

जुन्नर तालुक्यातल्या मामांच्या शेततळ्यावर पहिली खरी बुडी. येथे पाणी स्वच्छ असते आणि खोली मिळते. मात्र शेततळ्याचे प्लास्टिक अत्यंत निसरडे असते आणि आत पडलेला माणूस आधाराविना वर येऊ शकत नाही. काठावर खुंटीला बांधलेला जाड दोर, हवा भरलेली ट्यूब आणि सोबत दुसरे माणूस यांच्याशिवाय तेथे जाऊ नये. बोटीलाही दोरी बांधावी, हा मामांचा आग्रह होता. मला ते दिसायला बरे वाटत नव्हते, पण त्यांनी मासे धरायची नायलॉनची दोरी स्वतःच शेपटीला बांधली.

पहिल्या दोन बुड्या अर्ध्या मीटरपर्यंतच्या होत्या आणि त्या सुरेख झाल्या. तिसऱ्या वेळी खाली जाऊ दिले. दीड मीटरच्या आसपास बोटीचा वेग माझ्या हातून सुटला. मी सिरिंजा रिकाम्या करण्याचा हुकूम दिला, पण त्या रिकाम्या व्हायला ३८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात बोट जवळजवळ तीन मीटरवर तळाला टेकली. पाच मिनिटे वाट पाहिली. काही वर आले नाही. दोरीने ओढून काढली तेव्हा नळीत १३० मिलिलिटर पाणी होते. रिसीव्हर, मोटारीचा वेगनियंत्रक आणि एक सर्वो (हुकमाप्रमाणे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार) गेला. एकूण नुकसान ३,१०० रुपये. दोरी ४० रुपयांची होती.

११ मे

घरी उघडून पाहिली. कारणे दोन निघाली आणि दुसरे कारण पहिल्यामुळे उद्भवले होते.

तरंगण्यासाठी पाठीखाली मी पॅकिंगचा मऊ फोम भरला होता. गच्चीवरच्या चाळीस सेंटिमीटर पाण्यात त्याचे काही बिघडत नव्हते. अडीच मीटरवर मात्र पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पाव भागाइतका वाढतो, फोममधली हवा त्या मानाने आकसते आणि फोमची तरंगण्याची ताकद तितकीच घटते. बोट जितकी खाली जाते तितकी जड होते आणि जितकी जड होते तितकी वेगाने खाली जाते. हा प्रश्न खऱ्या पाणबुडीलाही चुकलेला नाही. खोल गेल्यावर पोलादी धडही दाबाने किंचित आकसते आणि तेवढे पाणी भरपाईच्या टाक्यांतून बाहेर काढून तोल राखावा लागतो. मी फोमचा तुकडा प्लास्टिकच्या बाटलीत पाण्याखाली ठेवून बाटली दाबून पाहिली, तर तो डोळ्यांदेखत लहान झाला. ही दोन मिनिटांची तपासणी मार्चमध्ये करता आली असती.

तळाला टेकल्यावर पाणी आले ते पंख्याच्या दांड्याकडून. पितळी नळीत भरलेले ग्रीस दाबाने आत ढकलले गेले होते. दांडा मोटारीशी किंचित तिरका जोडल्यामुळे तो ज्यात फिरतो ते बुशही एका बाजूने झिजले होते, आणि त्या फटीतून पाणी आत येत राहिले. सिरिंजा शेवटी रिकाम्या झाल्या होत्या, पण त्यांनी बाहेर टाकलेल्या ८५ मिलिलिटरपेक्षा आत आलेले पाणी जास्त होते.

दुरुस्ती अशी केली. मऊ फोम काढून इन्सुलेशनचा कडक निळा फोम भरला आणि त्यावर एपॉक्सीचा हात दिला. दांड्याला दोन ओठांचे छोटे ऑइल सील लावले आणि मोटार-दांड्यामध्ये लवचीक जोड घातला. सिरिंजांना अधिक वेगाची मोटार बसवली, त्यामुळे त्या आता १४ सेकंदांत रिकाम्या होतात. आर्डुइनोला दोन नवी कामे दिली आहेत. नळीच्या तळाशी पाणी लागले किंवा दाबमापकाने दीड मीटरची खोली दाखवली, तर माझा हुकूम न पाहता सिरिंजा रिकाम्या करायच्या.

२६ मे

आज मान्सून मुंबईत पोहोचला. मामांच्या शेततळ्यात गढूळ पाणी येऊ लागले आहे आणि बोट दिसली नाही तर चाचणीला अर्थ नाही. काम थांबवले. झाकणे उघडून, ओ-रिंगा काढून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या एकाच जागी चेपून बसणार नाहीत.

९ नोव्हेंबर

दुरुस्तीनंतरची पहिली बुडी. दोरी बांधलेली होती. एकूण अकरा वेळा खाली सोडली. सहाव्या बुडीत मुद्दाम रेडिओ बंद केला आणि बोट सतरा सेकंदांनी आपोआप वर आली. आठव्या बुडीत दीड मीटरच्या खाली जाऊ पाहताच दाबमापकाने तिला परत फिरवले. नळीत शेवटी चमचाभरही पाणी नव्हते. कलंडणे नाही. वळताना शेपटी थोडी वर उचलली जाते, त्यासाठी सुमारे २० ग्रॅम शिसे मागे सरकवावे लागेल.

आतापर्यंतचा खर्च १९,६०० रुपये झाला. त्यातले सुमारे ७,५०० रुपये निव्वळ चुकांचे आहेत. कामाचे रविवार चोवीस, पावसाळा वगळून.

मामांनी विचारले, की खऱ्या बोटीत माणसे किती असतात. आठ अधिकारी आणि पस्तीस नौसैनिक, असे सांगितले. मग त्यांनी या बोटीत ती केवढी झाली असती असे विचारले, तेव्हा बोटांनी अडीच सेंटिमीटर दाखवले. पेरिस्कोप अजून बसवलेला नाही. त्यासाठी सायकलच्या चाकाचा एक आरा बाजूला काढून ठेवला आहे.